इराणच्या दक्षिण प्रांतांतील ब्रिटिश वर्चस्व

१९१५ च्या ऑगस्ट महिन्यांत इराणच्या आखातावरील बुशहर बंदरांत टपालाचीं जीं तिकिटें विकलीं जाऊं लागलीं तीं मोठीं विलक्षण होतीं. तिकिटावर चित्र होतें तें इराणचा तरुण शहा अहमद याचें. आणि त्या चित्रावर इंग्रजी अक्षरांत ठसा होता तो 'ब्रिटिश ताब्यांतील बुशहर' असा. शहाचें राज्य कायम, शहाचा चेहरा कायम. पण शहर मात्र दुसऱ्याचें! त्या वेळीं इराण महायुद्धांत तटस्थ होता. इंग्लंडशीं त्याचें युद्ध नव्हतें. ब्रिटिश साम्राज्याच्या तांबड्या नकाशांत इराण कधीं रंगविला गेला नाहीं. असें असतां त्याच्या एका मोठ्या बंदरावर परक्याचा ठसा उमटला तो कसा, या प्रश्नाचा शोध घेऊं गेल्यास विसाव्या शतकाच्या आरंभींच्या साम्राज्यशाहीची एक निराळीच रीत दिसून येते. मुलूख खालसा करावयाचा नाहीं, राजास गादीवरून उठवावयाचें नाहीं. पण तेथील रस्ता, तार, व्यापार, खनिज आणि शेवटीं बंदूक हीं सारीं आपल्या हातांत ठेवावयाचीं, अशी ती रीत होती. ती कशी वाढत गेली आणि कशामुळें मोडली, हें समजून घेण्यासारखें आहे.

प्रथम या मुलुखाची ठेवण लक्षांत घ्यावयास हवी. इराणचा दक्षिण किनारा म्हणजे उष्ण, रुक्ष आणि अरुंद असा पट्टा. त्याच्यामागें झाग्रोस पर्वताच्या रांगा भिंतीसारख्या एकामागून एक उभ्या आहेत, आणि त्या ओलांडल्यावर फार्स प्रांताची राजधानी शिराझ लागते. बुशहर ते शिराझ हा जुना व्यापारी रस्ता. पण त्या काळीं तो खेंचरांच्या खुरांनीं झिजलेली डोंगरवाटच होता. त्यावरील घाटांना 'कोतल' म्हणत. एका कोतलाचें नांव 'पीर-ए-झन', म्हणजे म्हातारी, आणि दुसऱ्याचें 'दुख्तर', म्हणजे मुलगी. याच डोंगरांतून कश्काई टोळीचे लोक हिवाळ्यांत मेंढरांसह खालीं उतरत आणि उन्हाळ्यांत वर चढत. पूर्वेकडे खमसा टोळ्या, वायव्येस बख्तियारी आणि किनाऱ्यालगत तंगिस्तानी. वाटेवरच्या प्रत्येक खानाचा राहदारीवर हक्क. तेहरानचा हुकूम या प्रांतांत सुभेदाराच्या शब्दाइतका चाले, आणि सुभेदाराचा शब्द टोळ्यांच्या सरदारांच्या मर्जीइतका चाले. मध्यवर्ती सत्ता अशी सैल असली म्हणजे बाहेरच्यास आंत शिरण्यास दार शोधावें लागत नाहीं.

किनाऱ्यावर तर हें दार फार पूर्वींच उघडलें होतें. ईस्ट इंडिया कंपनीनें १७६३ सालीं बुशहर येथें वखार घातली. पुढें वखारवाल्याचा रेसिडेंट झाला. पुण्याच्या संगमावर बसून पेशव्यांच्या दरबाराची नाडी पाहणारा रेसिडेंट महाराष्ट्राच्या परिचयाचा आहे. बुशहरचा रेसिडेंट हा त्याचाच भाऊबंद होय. १८५६-५७ सालीं हेरातच्या प्रश्नावरून इंग्लंड व इराण यांचें युद्ध जुंपलें तेव्हां मुंबई इलाख्यांतून निघालेल्या फौजेनें बुशहर घेतलें आणि आंत खुशाब येथें लढाई मारली. १८५७ च्या मार्चमध्यें तह होऊन बंदर परत दिलें गेलें. पण धाक राहिला तो राहिलाच. १८७३ पर्यंत हा रेसिडेंट मुंबई सरकारच्या हाताखालीं होता. नंतर तो हिंदुस्थान सरकारच्या ताब्यांत गेला. लंडनच्या परराष्ट्र कचेरीपेक्षां कलकत्ता व सिमला यांचेंच लक्ष या आखातावर अधिक असे, कारण हिंदुस्थानच्या वाटेवरचा पहारा म्हणूनच आखाताची किंमत होती. मुंबईहून आखातांतील बंदरांकडे टपालाच्या आगबोटी जात. १८६० नंतरच्या दशकांत समुद्रांतून तारेचा दोर आला आणि बुशहरपासून शिराझ, इस्पहान, तेहरान अशी जमिनीवरची तार उभी राहिली. त्या तारेच्या ठाण्यांवर इंग्रजी नोकर, बंदरांतील क्वारंटाईनवर रेसिडेन्सीचा डॉक्टर, आणि कॉन्सलच्या दारांत हिंदी शिपाई. ज्या दोन शिपायांच्या पहाऱ्याकडे कोणी वळून पाहिलें नसतें, तोच पहारा पुढें दोन पलटणींचें निमित्त ठरला.

१९०३ च्या मे महिन्यांत लॉर्ड लॅन्सडाउन यांनीं विलायतेच्या उमरावसभेंत जाहीर केलें कीं, दुसऱ्या कोणत्याहि सत्तेनें इराणी आखातांत आरमारी ठाणें उभारल्यास ब्रिटन आपल्या सर्व सामर्थ्यानिशीं त्यास विरोध करील. त्याच वर्षाच्या अखेरीस व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनीं लढाऊ जहाजांच्या थाटांत आखाताचा दौरा केला. रोख अर्थात् रशियाकडे होता. उत्तरेकडून रशिया व दक्षिणेकडून ब्रिटन यांच्या चेपणींत इराणची काजार बादशाही सापडली होती.

नेमक्या याच वेळीं इराणच्या लोकांनीं एक मोठें धाडस केलें. १९०६ सालीं व्यापारी, मुल्ला आणि सुशिक्षित तरुण यांनीं मिळून शहाकडून राज्यघटना मिळविली आणि तेहरानांत मजलिस भरली. आशिया खंडांतील पारतंत्र्यांत पिचलेल्या देशांनीं त्या घटनेकडे मोठ्या आशेनें पाहिलें. परंतु एका वर्षांतच, ३१ ऑगस्ट १९०७ रोजीं, ब्रिटन व रशिया यांनीं आपसांत करार करून इराणचे तीन भाग आंखले : उत्तर रशियाच्या प्रभावाखालीं, आग्नेय कोपरा ब्रिटनच्या प्रभावाखालीं आणि मधला भाग मोकळा. ज्याच्या घराची ही वांटणी, त्या इराणला कोणीं विचारलेंहि नाहीं. कराराच्या आरंभीं मात्र इराणच्या स्वातंत्र्याचा व अखंडत्वाचा आदर करण्याची ग्वाही होती! आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ब्रिटनच्या वांट्यास किरमान व बंदर अब्बासपर्यंतचा ओसाड मुलूख आला होता. फार्स प्रांत, बुशहर बंदर आणि पुढें जेथें तेल निघालें तो प्रदेश हे सारे 'मोकळ्या' भागांतच होते. तरीहि ब्रिटिशांचें वर्चस्व सर्वांत घट्ट बसलें तें याच मोकळ्या भागांत. कागदावरची रेघ आणि जमिनीवरची सत्ता या दोन वेगळ्या गोष्टी असतात त्या अशा.

घटनेच्या झगड्यांत, शहाच्या बंडाळींत आणि रशियाच्या दडपणांत तेहरानचें सरकार खिळखिळें झालें तसे दक्षिणेचे रस्ते असुरक्षित झाले. व्यापाऱ्यांचे तांडे लुटले जाऊं लागले. १९१० च्या ऑक्टोबरांत ब्रिटननें इराणला पत्र पाठविलें कीं, ठराविक मुदतींत रस्ते निर्धास्त न झाल्यास हिंदी लष्करांतील ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालीं बंदोबस्ताचें दल उभारण्यांत येईल. इराणची अडचण अशी होती कीं, बंदोबस्तास पैसा हवा. पैशास जमाबंदीची घडी हवी. आणि ती घडी बसविण्यास अमेरिकेहून बोलावलेला मॉर्गन शुस्टर कामास लागतो न लागतो तोंच रशियाच्या निर्वाणीच्या खलित्यामुळें व ब्रिटनच्या मूक संमतीनें त्यास १९११ अखेर बडतर्फ करावें लागलें. हातपाय बांधावयाचे आणि चालतां येत नाहीं म्हणून दोष द्यावयाचा, असाच तो प्रकार होता. त्याच सालीं 'सेंट्रल इंडिया हॉर्स' या हिंदी रिसाल्याचे स्वार कॉन्सलच्या रक्षणासाठीं म्हणून शिराझपर्यंत गेले. त्यांनीं रस्ता निर्धास्त केला नाहीं. उलट परका स्वार दिसतांच डोंगरांतून गोळ्या सुटूं लागल्या. अखेर १९१३ सालीं तो रिसाला परत आला. इराणनें स्वतः स्वीडनमधून अधिकारी आणून जांदार्म नांवाचें सशस्त्र पोलिस दल उभारलें होतें. देशाभिमानी तरुणांचा ओढा त्या दलाकडे होता, हें पुढच्या हकीकतीसाठीं लक्षांत ठेवावें.

रस्त्याच्या जोडीला आतां तेल आलें. १९०१ सालीं विल्यम डार्सी यानें शहाकडून तेलाचा मक्ता घेतला होता. पण विहिरी खणावयाच्या त्या बख्तियारी डोंगरांत, आणि तेथें शहाच्या फर्मानाला किंमत किती? म्हणून १९०५ सालीं बख्तियारी खानांशीं वेगळा करार झाला. खोदकामाच्या रक्षणास आर्नोल्ड विल्सन हा तरुण अधिकारी हिंदी स्वारांची लहानशी तुकडी घेऊन गेला. २६ मे १९०८ रोजीं मस्जिद-ए-सुलेमान येथें तेलाचा फवारा उसळला तेव्हां त्या उजाड रानांत हिंदी स्वारांचा पहारा होता, ही गोष्ट सूचक आहे. १९०९ सालीं अँग्लो-पर्शियन ऑईल कंपनी निघाली. तेल शुद्ध करण्याच्या कारखान्यासाठीं आबादान बेटावरील जमीन हवी होती. ती मोहम्मरा येथील शेख खझल याच्या ताब्यांत होती. बुशहरचे रेसिडेंट सर पर्सी कॉक्स यांनीं शेखाशीं परभारें करार केला आणि त्यास संरक्षणाचीं वचनें दिलीं. शेख नांवाला शहाचा प्रजाजन. पण वचन दिलें तें परक्यानें, आणि तेंहि त्याच्याच धन्याविरुद्ध उपयोगीं पडेल असें! १९१४ सालीं, महायुद्धाच्या तोंडावर, विन्स्टन चर्चिल यांच्या आग्रहानें ब्रिटिश सरकारनें वीस लक्ष पौंड घालून कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग विकत घेतले. आरमार कोळशावरून तेलावर आणावयाचें होतें. त्या दिवसापासून इराणचा एक कोपरा ब्रिटिश आरमाराचें कोठार बनला.

महायुद्ध पेटलें. १९१४ च्या नोव्हेंबरांत हिंदी फौज आखाताच्या टोकाशीं फाव येथें उतरली. तिच्या आघाडीस पुण्याच्या डिव्हिजनची तुकडी होती आणि तिच्यांत ११७ व्या मराठा पलटणीचे शिपाई होते. आबादानचें तेल सुरक्षित राखणें हा त्या स्वारीचा एक हेतु होता. इराणनें तटस्थता जाहीर केली. पण तुर्क, रशियन, जर्मन आणि ब्रिटिश यांपैकीं कोणींहि तिची पत्रास ठेवली नाहीं. १९१५ च्या मार्चमध्यें तर ब्रिटन व रशिया यांनीं गुप्तपणें ठरविलें कीं, इस्तंबूल रशियास मिळाल्यास इराणचा मोकळा पट्टा ब्रिटनच्या वर्तुळांत जावा. इकडे बुशहरचा पूर्वींचा जर्मन कॉन्सल वासमुस हा तंगिस्तानच्या खानांत मिसळून त्यांस ब्रिटिशांविरुद्ध उठवीत होता. पण हा उठाव केवळ जर्मनांनीं घडविला असें मानणें चुकीचें होईल. दिलवार गांवाचा तरुण सरदार रईस अली यास आपल्या किनाऱ्यावर परकी फौज नको होती, हें कारण त्यास पुरेसें होतें. १२ जुलै १९१५ रोजीं बुशहरजवळ झालेल्या चकमकींत दोन ब्रिटिश अधिकारी पडले. ऑगस्टमध्यें ब्रिटिशांनीं बुशहर ताब्यांत घेतलें, तिकिटांवर ठसे मारले आणि दिलवारवर तोफा डागल्या. सप्टेंबरच्या आरंभीं रईस अली मारला गेला. त्याच्या मृत्यूचा दिवस आज इराणांत ब्रिटिश वसाहतशाहीविरुद्धच्या लढ्याचा दिवस म्हणून पाळला जातो. नोव्हेंबरांत शिराझ येथें जांदार्म दलानें कॉन्सल ओकॉनर व इतर ब्रिटिश रहिवासी यांस कैद करून तंगिस्तानांत नेलें; १९१६ च्या ऑगस्टमध्यें कैद्यांची अदलाबदल होऊन ते सुटले.

या परिस्थितींत हिंदुस्थान सरकारनें सर पर्सी साइक्स यांस पाठविलें. किरमान येथें पूर्वीं कॉन्सल राहिलेल्या या गृहस्थास इराणची भाषा व इतिहास उत्तम अवगत होता. १९१६ च्या मार्चमध्यें ते मूठभर ब्रिटिश अधिकारी आणि हिंदी शिपाई घेऊन बंदर अब्बासला उतरले. काम होतें तें दक्षिण इराणांत, इराणी लोकांचेंच, पण ब्रिटिश हुकमतीखालीं एक सैन्य उभारण्याचें. किरमान, यझ्द, इस्पहान असा सुमारें एक हजार मैलांचा वळसा घालून ते नोव्हेंबरांत शिराझला पोंचले. ज्या जांदार्म दलानें वर्षापूर्वीं कॉन्सलला पकडलें होतें, त्यांतील उरलेले शिपाई पगार थकल्यानें हवालदिल झाले होते. साइक्सनीं तेच शिपाई आपल्या सैन्यांत घेतले. या सैन्याचें नांव 'साउथ पर्शिया रायफल्स'. संख्या वाढत वाढत सुमारें ८,००० पर्यंत गेली. शिपाई इराणी, वरचे अधिकारी ब्रिटिश, कवाईत शिकविणारे बहुतेक हिंदी, आणि खर्चाचा एक वांटा हिंदुस्थानच्या तिजोरीवर. मराठी इतिहासाच्या वाचकास या रचनेचें नांव चटकन् सुचेल : तैनाती फौज. फरक एवढाच कीं, दुसऱ्या बाजीरावानें वसईस निदान स्वतः सही केली होती. येथें फौज आधीं आली आणि सही मागून मागण्यांत आली. १९१७ च्या मार्चमध्यें वुसूक-उद्-दौला याच्या मंत्रिमंडळानें तिला मान्यता दिली. त्याच्यामागून आलेल्या मंत्रिमंडळांनीं ती मान्यता नाकारली आणि हें सैन्य परकें असून देशाच्या स्वातंत्र्यास घातक आहे असें बजावलें.

याच काळांत या मुलुखांत काहीं हिंदी माणसें अगदीं उलट कामासाठीं हिंडत होतीं. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे हे अमेरिकेंतील गदर चळवळींतून इराणांत आले होते. हिंदी शिपायांस साम्राज्याविरुद्ध उठविण्याचा त्यांचा प्रयत्न होता. सूफी अंबाप्रसाद यांनीं तर शिराझ हेंच कार्यक्षेत्र केलें आणि तेथेंच त्यांचा अंत झाला. एक हिंदी शिपाई साम्राज्याचा पहारेकरी, दुसरा हिंदी माणूस त्याच पहाऱ्यावर घाला घालणारा, आणि दोघेहि परमुलुखांत : पारतंत्र्याची याहून बोलकी खूण ती कोणती?

साइक्सच्या सैन्याची खरी कसोटी १९१८ च्या उन्हाळ्यांत लागली. शिराझच्या पश्चिमेस खान-ए-झिनियान येथें रायफल्सचें ठाणें होतें. मे महिन्यांत जनावरांच्या चोरीच्या आरोपावरून ठाण्यांतील शिपाई आणि कश्काई यांची चकमक उडाली. कारण क्षुल्लक, पण वणव्यास ठिणगी पुरते. कश्काईंचा सरदार सौलत-उद्-दौला यानें आपण शहाच्या सरकारचा सेवक असून हें परकें सैन्य आपणांस मान्य नाहीं अशी भूमिका घेतली. २५ मे रोजीं ठाण्यांतील इराणी शिपायांनीं आपल्याच ब्रिटिश कॅप्टनला व सार्जंटला ठार मारून ठाणें शत्रूच्या स्वाधीन केलें. आबादे येथील तुकडींतहि फितुरी झाली. अनेक शिपाई बंदुका घेऊन पळाले. शिराझला वेढा पडला. शहर राखलें तें शेवटीं हिंदी पलटणींनीं, आणि सुभेदार फर्मानफर्मा व खमसा टोळ्यांचा प्रमुख कवाम यांच्या कारस्थानानें. सौलतला काढून त्याच्या भावास सरदारकी देण्यांत आली. टोळींत फूट पडली आणि वेढा उठला.

शिपाई भेकड होते म्हणून हें घडलें नाहीं. त्यांस पगार वेळेवर मिळत होता, कवाईत चांगली होती, बंदुका नव्या होत्या. पण बाजारांत गेल्यावर मुल्ला, व्यापारी आणि स्वतःचे नातलग त्यांस विचारीत, 'तूं कोणाचा शिपाई?' या प्रश्नास त्यांच्याजवळ उत्तर नव्हतें. पगारानें हात विकत मिळतो, निष्ठा मिळत नाहीं. साइक्स यांचें सारें कौशल्य या एका जागीं अपुरें पडलें.

युद्धाचा भार सामान्य जनतेवर किती पडला हेंहि विसरतां कामा नये. अवर्षण, सैन्यांसाठीं धान्याची व जनावरांची ओढ आणि बंद पडलेले रस्ते यांमुळें १९१७-१८ सालीं इराणांत भीषण दुष्काळ पडला. पाठोपाठ १९१८ च्या शरद् ऋतूंत इन्फ्लुएंझाची साथ आली. साइक्स यांच्याच अंदाजाप्रमाणें शिराझच्या सुमारें ५०,००० वस्तींतून १०,००० माणसें दगावलीं. कश्काईंचा उरलेला विरोध तोफांपेक्षां या साथीनेंच अधिक मोडला.

पूर्वेकडे सिस्तान व बलुची सरहद्दीवर जर्मन हेरांस अडविण्यासाठीं ब्रिटिशांनीं वेगळी फळी धरली होती. १९१६ सालीं तेथील सेनापति होता रेजिनाल्ड डायर. मूठभर सैन्यानिशीं दहशतीच्या जोरावर टोळ्या नमविण्याची त्याची तेथील रीत होती. १९१९ सालीं अमृतसरास जालियनवाला बागेंत त्याच माणसानें काय केलें तें हिंदुस्थान जाणतो. सरहद्दीवर वापरलेलें हत्यार घरीं परत येतें, असें जें म्हणतात तें उगीच नव्हे.

युद्ध संपतांच परराष्ट्र कचेरीचा कारभार पाहणाऱ्या कर्झन यांनीं सैल धागे एकत्र विणावयाचें ठरविलें. ९ ऑगस्ट १९१९ रोजीं तेहरानांत करार झाला : इराणच्या सैन्यास व खजिन्यास ब्रिटिश सल्लागार आणि वीस लक्ष पौंडांचें कर्ज. कराराच्या शब्दांत इराणचें स्वातंत्र्य शाबूत होतें. मात्र त्यावर सही करणाऱ्या तीन मंत्र्यांस १,३१,००० पौंड गुपचूप पोंचले होते. ही गोष्ट फुटल्यावर देश खवळला. सैन्याच्या पुनर्रचनेसाठीं नेमलेल्या मिश्र समितीवरील कर्नल फझ्लुल्ला खान या इराणी अधिकाऱ्यानें १९२० सालीं आत्महत्या केली. मजलिसनें करारास कधींच मान्यता दिली नाहीं. २१ फेब्रुवारी १९२१ रोजीं रझा खान याच्या सैनिकांनीं तेहरान ताब्यांत घेतलें. नव्या सरकारनें करार रद्द ठरविला. खर्चास कंटाळलेल्या ब्रिटननें त्याच वर्षीं साउथ पर्शिया रायफल्स मोडून टाकल्या. पांच वर्षांची कवाईत, लाखोंचा खर्च आणि कितीएकांचे प्राण यांचा शेवट निरोपाच्या पगारवांटपांत झाला.

दक्षिणेचे रस्ते पुढें निर्धास्त झाले. पण ते इराणच्याच राष्ट्रीय सैन्यानें केले. १९२४ सालीं रझा खान खुझिस्तानवर चालून गेला तेव्हां शेख खझल यानें ब्रिटिशांच्या जुन्या वचनांकडे डोळे लावले. पण ब्रिटनला आतां तेहरानांतील बळकट सत्तेशीं जमवून घेणें अधिक सोयीचें वाटत होतें. शेख एकटा पडला, १९२५ सालीं त्यास कैद करून तेहरानास नेण्यांत आलें, आणि तेथेंच १९३६ सालीं तो मेला. परक्याच्या वचनावर विसंबून धन्याशीं वांकडें धरणाऱ्या संस्थानिकांस हा धडा नवा नव्हता. १९२८ सालीं परकीयांचे खास न्यायहक्क संपले आणि १९४६ सालीं रेसिडेंटचें ठाणें बुशहरहून बहरीनला हललें.

तेलाचा धागा मात्र तुटला नाहीं. १९४१ सालीं पुन्हां ब्रिटिश व हिंदी फौजा आबादानवर उतरल्या, आणि १९५१ सालीं मजलिसनें तेल राष्ट्राच्या मालकीचें केलें तेव्हां त्या ठरावामागें या साऱ्या वर्षांचा सल होता. ब्रिटिशांनीं दक्षिण इराणांत तार घातली, ठाणीं बांधलीं, कवाईत शिकविली. यांपैकीं कांहीं गोष्टी उपयोगाच्याहि होत्या. पण संरक्षण हें मागणाऱ्यास दिलें तर उपकार ठरतें आणि न मागणाऱ्यावर लादलें तर तेंच आक्रमण होतें. बुशहरच्या तिकिटावर शहाचें चित्र ठेवून वर ठसा मारणाऱ्यांस वाटलें होतें कीं, खालचें चित्र आतां नुसतें शोभेपुरतें उरलें आहे. ती तिकिटें थोडे महिने चाललीं आणि संग्राहकांच्या वह्यांत जाऊन बसलीं. देश मात्र ज्यांचा होता त्यांचाच राहिला.